डॉब्सोनियन दुर्बिणीद्वारे डीप-स्काय छायाचित्रण

उन्नतांश-दिगंश (क्षितिजापासूनची उंची व आडवी दिशा यांनुसार फिरणाऱ्या) बैठकीवर बसवलेल्या आणि मोटारींच्या साहाय्याने ताऱ्यांचा माग काढणाऱ्या मोठ्या डॉब्सोनियन परावर्तक दुर्बिणीतून तारकागुच्छ, अभ्रिका व दीर्घिका यांची छायाचित्रे घेण्याची हौशी ज्योतिर्विदांमधील पद्धत. ‘मोठी’ म्हणजे किती याचा पक्का दंडक नाही. आरशाचा व्यास साधारण ४० सेंमी. (१६ इंच) वा त्याहून अधिक असला की दुर्बीण या वर्गात धरतात. चंद्र व ग्रह यांच्या छायाचित्रणाचे तंत्र वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाही.

बैठकीचा उगम : या बैठकीला जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांचे नाव आहे. त्यांचा जन्म बीजिंगचा, शिक्षण बर्कली येथे रसायनशास्त्राचे. १९४४ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्को येथील रामकृष्ण परंपरेच्या वेदान्त मठात दाखल झाले आणि १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. दुर्बिणी करण्यास त्यांनी मठात असतानाच, बहुधा १९५० च्या दशकाच्या मध्यास, सुरुवात केली. जहाजाच्या गोल खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून आरसे करायचे, पुठ्ठ्याच्या जाड नळीत ते बसवायचे आणि नळी प्लायवूडच्या पेटीत टेकवायची, असा सगळा मामला होता. १९६८ पासून ‘साइडवॉक अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स’ या गटाने अशा दुर्बिणी पदपथावर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवायला सुरुवात केली. ‘डॉब्सोनियन’ हे नाव त्यानंतर काही वर्षांनी, साधारणपणे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, रुळले असावे.

डॉब्सन यांना जनक म्हणावे का, याबद्दल दोन मते आहेत. वर-खाली आणि आडवी फिरणारी बैठक त्यांच्या आधी कित्येक पिढ्या वापरात होती. विल्यम हर्शेल यांची १७८९ मध्ये पूर्ण झालेली ४० फुटी दुर्बीण त्याच तत्त्वावर फिरे. तोफांचे गाडेही याच जातीचे, आणि त्यांचा दाखला देऊन डॉब्सन स्वतः शोधाचे श्रेय नाकारत असत. दुसरे मत असे की पातळ पण मोठा आरसा, खाली ठेवलेला गुरुत्वमध्य आणि कमी घर्षणाचे साधे टेकू यांचा मेळ ही त्यांची खरी देणगी होय. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. टेफ्लॉनचे तुकडे आणि खरखरीत लॅमिनेट यांची जोडी मात्र अनेक कारागिरांच्या हातून घडत गेलेली दिसते. या जोडीत स्थितिक व गतिक घर्षण जवळजवळ सारखे असते, म्हणून ढकलताना नळी धक्का न बसता सरकते. डोळ्याने पाहण्यासाठी एवढे पुरे. कॅमेऱ्यासाठी दुर्बीण आपोआप सरकायला हवी.

मागकाढणीची जोड : सर्वांत जुना उपाय म्हणजे अख्खी दुर्बीण एका तिरक्या फिरत्या पाटावर ठेवणे. फ्रेंच हौशी ज्योतिर्विद आद्रियां पोंसे यांची ही रचना १९७७ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकातून सर्वदूर गेली. पाट ध्रुवीय अक्षाभोवती फिरतो, त्यामुळे क्षेत्र-परिभ्रमणाचा (चित्रातील आकाश हळूहळू फिरत जाण्याचा) प्रश्नच येत नाही. पण साधारण तासाभराने तो मागे आणावा लागतो. पोंसे यांच्या मूळ आराखड्यातील सरकते प्रतल विषुववृत्ताला समांतर असते. पुण्याच्या १८.५° अक्षांशावर ते क्षितिजाशी सुमारे ७१.५° कोन करते, म्हणजे जवळपास भिंतीसारखे उभे राहते. आपल्याकडे हा पाट जसाच्या तसा करून चालत नाही, त्याचे कारण हेच.

दोन्ही अक्षांना मोटारी लावण्याचा दुसरा मार्ग व्यावसायिक वेधशाळांनी आधी चोखाळला. कॉकेशस पर्वतातील ६ मीटर व्यासाच्या सोव्हिएत दुर्बिणीत १९७५ पासून संगणकच दोन्ही अक्षांच्या गती व प्रतिमेचे फिरणे सांभाळतो. हौशी जगतात तोशिमी ताकी यांनी १९८९ मध्ये ताऱ्यांच्या निर्देशकांचे दुर्बिणीच्या दिशांत रूपांतर करण्यासाठी मॅट्रिक्स पद्धत मांडली, आणि पुढील काही वर्षांत ओरेगनमधील मेल बार्टेल्स यांनी स्टेपर (ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या) मोटारींवर चालणारी घरगुती यंत्रणा खुली करून दिली. हौशी मंडळींनी सोव्हिएत दुर्बिणीचा कित्ता गिरवला असे म्हणण्यापेक्षा स्वस्त संगणकाने वाट मोकळी केली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. पुढे तयार ‘गो-टू’ (हव्या त्या पिंडाकडे आपोआप वळणाऱ्या) डॉब्सोनियन बाजारात आल्या.

क्षेत्र-परिभ्रमण : दोन्ही मोटारींनी तारा दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर कितीही चोख धरला, तरी त्याच्या भोवतीचे आकाश कॅमेऱ्याच्या संदर्भात हळूहळू फिरत राहते. हौशी मंडळी याला ‘फील्ड रोटेशन’ म्हणतात. फिरण्याचा वेग अंश प्रतितासात काढायचा तर १५.०४ ला स्थळाच्या अक्षांशाच्या कोज्येने व दिगंशाच्या कोज्येने गुणावे आणि उन्नतांशाच्या कोज्येने भागावे. ठीक पूर्वेला वा पश्चिमेला हा वेग शून्य होतो, याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) त्या उंचीपुरता सर्वाधिक असतो आणि खस्वस्तिकाजवळ (ठीक डोक्यावरच्या बिंदूजवळ) बेसुमार वाढतो. तेथे दिगंशाची मोटारही पुरी पडत नाही. आकाशाच्या या टाळूला ‘डॉब्सन्स होल’ असे नाव पडले आहे.

उदाहरणार्थ, पुण्याहून मृगातील अभ्रिका (एम ४२) याम्योत्तर वृत्तावर येते तेव्हा तिचा उन्नतांश सुमारे ६६° असतो व परिभ्रमणाचा वेग तासाला सुमारे ३५° पडतो. दहा सेकंदांत क्षेत्र जवळजवळ ०.१° फिरते. सेन्सरच्या मध्यापासून ८ मिमी. दूर असलेला तारा तेवढ्यात सुमारे १४ मायक्रॉन सरकतो, म्हणजे ३.७५ मायक्रॉनचे साडेतीन पिक्सेल. हीच अभ्रिका पश्चिमेकडे ३०° उंचीवर उतरली की वेग तासाला ५° च्या आसपास येतो, पण प्रकाशाला दुप्पट हवा ओलांडावी लागते. अनुभवी छायाचित्रकार मधला पट्टा पकडतात. अक्षांशाची कोज्या पुण्यास ०.९५, तर ५०° अक्षांशावर ०.६४ असल्याने युरोपीय लेखनातील ‘इतके सेकंद चालतात’ हे आकडे इकडे उचलू नयेत.

कॅमेराच उलट फिरवणारे डीरोटेटर मिळतात. त्यांचे वजन दुर्बिणीच्या वरच्या टोकाला येते आणि तोल बिघडतो, म्हणून बहुतेक जण छोटी एक्सपोजर घेऊन नंतर संगणकावर ती फिरवून जुळवतात. त्यात चित्राच्या कडा कापल्या जातात. एक अनपेक्षित फायदाही होतो : प्रत्येक चौकटीत आकाश सेन्सरच्या वेगळ्या पिक्सेलांवर पडल्याने सेन्सरचे ठरावीक डाग जुळणीत विरून जातात. दुय्यम आरशाच्या पट्ट्यांमुळे तेजस्वी ताऱ्यांभोवती येणारे विवर्तनाचे काटे दुर्बिणीला बांधलेले असतात, आकाशाला नव्हे. त्यामुळे जुळवलेल्या चित्रात ते पंख्यासारखे पसरतात. अशा चित्राची ही हमखास खूण आहे.

लघु एक्सपोजर : ही पद्धत व्यवहार्य झाली ती बैठकीतील सुधारणांपेक्षा सेन्सरमुळे, असे येथे मानले आहे. प्रत्येक चौकट वाचताना सेन्सर स्वतःचा थोडा गोंगाट मिसळतो. जुन्या सीसीडी प्रकारच्या सेन्सरात तो ८ इलेक्ट्रॉनांच्या घरात असे, आजच्या सीमॉस सेन्सरात १ ते २ असतो. आकाशाच्या पार्श्वप्रकाशाने या आकड्याच्या वर्गाच्या दहापट इलेक्ट्रॉन जमवले की वाचन-गोंगाट नगण्य होतो, असा एक संकेत आहे. आकाश दर पिक्सेलला सेकंदाला २ इलेक्ट्रॉन देत असेल, तर ८ इलेक्ट्रॉनांच्या सीसीडीला ३२० सेकंद लागतात; दीड इलेक्ट्रॉनाच्या सीमॉसला ११ सेकंद पुरतात. पहिला आकडा डॉब्सोनियनच्या आवाक्याबाहेरचा, दुसरा सहज जमणारा. शिवाय शहरी आकाश जितके उजळ, तितके आवश्यक एक्सपोजर लहान.

अशा एक ते दहा सेकंदांच्या छायाचित्रणाला सर्रास ‘लकी इमेजिंग’ (नशिबाने स्थिर मिळालेल्या चौकटींची निवड) म्हटले जाते. डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्ये मांडलेले गणित मात्र वातावरण जणू गोठलेले असेल अशा, म्हणजे सेकंदाच्या शतांशाच्या आसपासच्या चौकटींचे आहे. त्यानुसार आरशाचा व्यास वातावरणाच्या सुसंगत लांबीच्या (हवेच्या ज्या पट्ट्यात प्रकाशलहरी फारशा विस्कटत नाहीत त्याच्या रुंदीच्या) सातपट असेल, तर सुमारे ३५० चौकटींत एक उत्तम मिळते. दहापट असेल, तर दहा लाखांत एखादी. काही सेकंदांच्या चौकटींत हवेची थरथर सरासरीने मिसळलेलीच असते. त्यांतून निवड केल्याने वाऱ्याचा धक्का किंवा मोटारीची चूक गाळली जाते, इतकेच. ‘लघु-एक्सपोजर छायाचित्रण’ ही संज्ञा म्हणून अधिक नेमकी.

प्रकाशिकी : ५० सेंमी. व्यासाच्या, एफ/४ (नाभीय अंतर व्यासाच्या चौपट असलेल्या) आरशाचे नाभीय अंतर २ मी. असते व ३.७५ मायक्रॉनच्या पिक्सेलला ०.३९ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) येतात. हवा क्वचितच एवढी स्थिर असते, म्हणून पिक्सेल दोन-दोन एकत्र करतात. कोमा (कडेच्या ताऱ्यांना शेपटी फुटण्याचा दोष) दुरुस्त करणारे भिंग आवश्यक. डोळ्यासाठी बांधलेल्या दुर्बिणीत कॅमेऱ्याला फोकस मिळतच नाही असे पुष्कळदा होते. तेव्हा मुख्य आरसा वर सरकवतात किंवा नळ्यांचा सांगाडा थोडा आखूड करतात.

महाराष्ट्र : राज्यात मोठ्या दुर्बिणीची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्याकडे ग्रब कंपनीची २० इंची परावर्तक दुर्बीण होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर ती कोडाईकनालला गेली. तिची बैठक विषुववृत्तीय (एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेली) होती. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या गिरवली येथील २ मीटर दुर्बिणीची (२००६) बैठक उन्नतांश-दिगंश प्रकारची आहे. हौशी पातळीवर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (१९४४) आणि मुंबईचे खगोल मंडळ यांनी निरीक्षणाची सवय लावली. मुंबईजवळच्या वांगणी येथील आकाशदर्शनाच्या रात्री त्यातूनच सुरू झाल्या. जून ते सप्टेंबर आकाश झाकलेले असल्याने धनू राशीतील अभ्रिका एप्रिल-मेच्या उत्तररात्री उरकाव्या लागतात. एम ८ ही लगून अभ्रिका पुण्याहून जास्तीत जास्त ४७° वर येते. तेथे परिभ्रमण तासाला २१° इतकेच असल्याने या दुर्बिणीला ती एम ४२ पेक्षा सोपी जाते.