बोट पाण्यातली, रेडिओ विमानाचा

मॉडेल बोटीसाठी ट्रान्समीटर शोधायला गेलं की दोनच घराणी समोर येतात: दोन स्टिकांचे विमानवाले आणि चाक-घोड्याचे पिस्तुलवाले, म्हणजे मोटारींचे. 'बोटीसाठी' असं लिहिलेला सेट बहुधा खेळण्यातला निघतो. वास्तविक रेडिओच्या जोरावर लोकांसमोर पहिल्यांदा चालली ती बोटच.

१८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या विद्युत प्रदर्शनात निकोला टेस्लाने हौदात बोट सोडून ती तारेविना वळवून दाखवली. ८ नोव्हेंबरला त्याला ६१३८०९ क्रमांकाचं अमेरिकी पेटंट मिळालं. आतला रिसीव्हर म्हणजे कोहिरर, धातूच्या भुग्याची नळी. लहर आली की भुगा वीज वाहू देतो, पण नंतर आपणहून मोकळा होत नाही. नळी हलवावी लागते. टेस्लाने ते काम यंत्रावर सोपवलं. संदेश फक्त 'आला' किंवा 'नाही आला' एवढाच असल्यामुळे दर संदेशासरशी एक चकती एक घर पुढे सरकायची आणि तिच्यावरच्या संपर्कांप्रमाणे सुकाणू हलायचं.

ही घराघराने सरकण्याची युक्ती हौशी लोकांनी पुढे बराच काळ वापरली. १९३८ मध्ये रेथिऑन कंपनीने मॉडेलांसाठी आरके-६१ हा छोटा वायूभरित व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिओतली काचेची नळी, काढला आणि रिसीव्हर छोट्या मॉडेलात मावण्याइतका हलका झाला. त्याच्या जोडीला एस्केपमेंट असे: पीळ दिलेल्या रबरावर फिरणारी कळ. ट्रान्समीटरवर एकच बटण. दाबलं की डावीकडे, सोडलं की मध्ये, पुन्हा दाबलं की उजवीकडे. लागोपाठ दोनदा डावीकडे वळायचं तर मधलं उजवं घर झटक्यात ओलांडावं लागे. नंतर रीड आले: वेगवेगळ्या सुरांना थरथरणाऱ्या पोलादी पट्ट्यांची फणी, दर सुराला एक रिले, म्हणजे विजेने चालणारी कळ. डाव्याला एक रीड, उजव्याला दुसरा, म्हणून तेव्हाचा 'दहा चॅनेल' सेट प्रत्यक्षात पाचच कामं करी. जुन्या सेटचे आकडे वाचताना हा हिशेब लक्षात ठेवावा.

१९६० च्या दशकात डिजिटल प्रपोर्शनल पद्धत रुळली, म्हणजे स्टिक जेवढी हलवाल तेवढंच सुकाणू. तिचं माप आजही तेच आहे: १ ते २ मिलिसेकंदांचा स्पंद, १.५ म्हणजे मध्य, साधारण दर २० मिलिसेकंदांनी एकदा. त्यामुळे जुना धडधाकट सर्व्हो, म्हणजे सुकाणू फिरवणारी छोटी मोटर, नव्या रिसीव्हरवर सहसा चालतो. प्लगच्या तारांचा क्रम मात्र तपासून घ्यावा.

हा जमाना विमानांचा होता आणि ट्रान्समीटरची ठेवण त्यांच्यासाठीच झाली. चार चॅनेल म्हणजे एलरॉन (विमान कलवणारा), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा), थ्रॉटल (इंजिनाचा वेग), रडर (सुकाणू). थ्रॉटलची स्टिक ठेवाल तिथे राहणारी, कारण इंजिनाचा वेग तसाच टिकवायचा असतो. बाकी तिन्ही दिशा स्प्रिंगने मध्यावर परतणाऱ्या. बोटवाल्याचे निम्मे घोटाळे इथून सुरू होतात. विजेच्या बोटीचा ईएससी, म्हणजे मोटरीचा वेग ठरवणारं उपकरण, पुढे-मागे चालणारा असतो, म्हणजे त्याचा 'थांबा' मध्यावर. तळाला टेकलेली थ्रॉटल स्टिक त्याच्या दृष्टीने पूर्ण मागे. अशा स्थितीत बॅटरी जोडली तर बहुतेक ईएससी नुसता पिपाणी वाजवत बसतो, काही मात्र तोच मध्य धरून सगळी चाल बिघडवतात.

म्हणून फ्लायस्कायच्या एफएस-आय६ सारखा सहा चॅनेलचा स्वस्त विमानी सेट बोटीवर घेतला तर ईएससी तिसऱ्या चॅनेलला न लावता दुसऱ्याला लावावा. मोड २ मध्ये, म्हणजे थ्रॉटल डाव्या स्टिकवर असलेल्या मांडणीत, तो उजव्या स्टिकचा उभा अक्ष, स्प्रिंगने मध्यावर परतणारा. सुकाणू पहिल्या चॅनेलला लावलं की सगळी बोट उजव्या अंगठ्यावर चालते. थ्रॉटलची स्टिक अडवून धरणारी पट्टी काढून तिथे स्प्रिंग बसवणारेही आहेत, पण हा सेट सुरू होताना थ्रॉटल खाली आहे का हे पाहतो आणि मध्यावर असेल तर कुरकुरतो. दोन मोटरींच्या बोटीला तर विमानाचं एलेव्हॉन मिश्रण, म्हणजे एका स्टिकच्या दोन्ही हालचाली दोन चॅनेलांवर एकत्र वाटणं, आयतं मिळतं: दोन ईएससी पहिल्या आणि दुसऱ्या चॅनेलला, मेनूत एलेव्हॉन चालू, मिश्रणाचं प्रमाण सुरुवातीला ५० टक्के. स्टिक पुढे केली की दोन्ही पंखे पुढे, बाजूला केली की एक पुढे, एक मागे. दिशा उलटी आली तर आधी त्या चॅनेलचं रिव्हर्स पाहावं, वायरी नंतर. दोन्ही ईएससींमध्ये बीईसी, म्हणजे रिसीव्हरला वीज पुरवणारा भाग, असेल तर एकाची लाल तार सोडवून ठेवावी.

शिडाच्या बोटींचं उलट आहे. वन-मीटरसारख्या शर्यतीच्या वर्गात सुकाणू आणि शिडाचा दोर अशी दोनच कामं, आणि दोर ठेवला तिथेच राहायला हवा. विमानाची न परतणारी थ्रॉटल इथे नेमकी बसते. वेगाच्या शर्यतीवाले चाक-पिस्तूल पसंत करतात आणि त्यांचं बरोबर आहे. सुकाणूवर बारीक ताबा आणि आपोआप मध्यावर येणारा घोडा, दोन्ही तयार मिळतात. पण शिट्टी, दिवे, नांगर, पाण्याची तोफ असलेल्या टगबोटीला तीन-चार चॅनेलचं पिस्तूल पुरत नाही. जहाजांच्या हुबेहूब प्रतिकृती करणाऱ्यांची खरी दखल घेतली ती मुख्यतः जर्मन बाजाराने. रोबे-फुटाबाचा एफ-१४ नेव्ही हा ट्रान्समीटर त्याच जातीचा: न परतणाऱ्या स्टिका आणि एका चॅनेलवर अनेक कामं करणारे स्विच. आज तो नाद हवा असेल तर ओपनटीएक्स किंवा एजटीएक्स या खुल्या सॉफ्टवेअरवर चालणारा सेट घ्यावा. त्यात मिश्रणं मनाप्रमाणे लिहिता येतात. शिकायला वेळ जातो, हे मात्र गृहीत धरावं.

आता लहरींकडे. २७ मेगाहर्ट्झवर सहा रंगांचे क्रिस्टल, म्हणजे सेटची लहर ठरवणारे सुटे भाग, असत, तपकिरीपासून निळ्यापर्यंत, २६.९९५ ते २७.२५५. एरियलला त्याच रंगाचं निशाण. एकाच रंगाचे दोघे एका तळ्यावर आले की एकाने थांबायचं, नाहीतर बोट धक्क्यावर. ट्रान्समीटर आणि रिसीव्हरचे क्रिस्टल ४५५ किलोहर्ट्झच्या फरकाचे, त्यामुळे ते अदलाबदल करून चालत नसत. शिवाय हा पट्टा सीबी रेडिओच्या, म्हणजे सामान्य लोकांच्या बोलण्याच्या रेडिओच्या, शेजारचा, तेव्हा गजबज कायमची. मग विमानं आणि जमिनीवर-पाण्यावर चालणारी मॉडेलं वेगळी काढली गेली: ब्रिटनमध्ये विमानांना ३५, बोटी-मोटारींना ४०, अमेरिकेत विमानांना ७२, बोटी-मोटारींना ७५ मेगाहर्ट्झ.

२००४-०५ च्या सुमारास स्पेक्ट्रम या कंपनीने २.४ गिगाहर्ट्झचे सेट आणले, पुढे सगळेच त्या वाटेने गेले, आणि क्रिस्टल, निशाणं, रांगा संपल्या. रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरला 'बाइंड' होतो, म्हणजे जोडला जातो आणि दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. लहर एका जागी न ठेवता सतत उड्या मारत नेण्याची कल्पना अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्या १९४२ च्या पेटंटात आहे, आणि ती टॉर्पेडोसाठी सुचली होती. म्हणजे इथेही पाणीच. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून अटींसह परवान्याविना खुला आहे, पण उपकरणाला मंजुरी लागते. परदेशातून सेट मागवताना हे पाहून घ्यावं.

नव्या लहरीने नवे त्रासही आणले. हिची लांबी साडेबारा सेंटीमीटर. रिसीव्हरच्या तारेचं टोकाचं सुमारे ३१ मिलिमीटर उघडं अंग हाच खरा अँटेना, बाकी नुसती वाहून नेणारी केबल. ते टोक पाण्याच्या पातळीच्या वर आणि उभं हवं. प्लास्टिकच्या नळीत घालून वरचं तोंड बंद करावं. बोटीचं अंग कार्बन फायबरचं असेल तर टोक बाहेरच काढावं. ते बोटीच्या तळाशी गुंडाळून ठेवलं तर काठावर सगळं ठीक दिसतं आणि तीस मीटरवर बोट बहिरी होते. पाणबुडीवाले म्हणूनच अजून जुने ४० आणि ७५ मेगाहर्ट्झचे सेट जपतात: गोड्या पाण्यात त्या लहरी थोड्याफार खोल उतरतात, २.४ जवळजवळ लगेच मरते. खाऱ्या पाण्यात दोन्ही निरुपयोगी.

दुसरा त्रास व्होल्टेजचा. जुना रिसीव्हर कमी व्होल्टेजला कुरकुरत का होईना चालत राही. नव्यातला प्रोसेसर साधारण साडेतीन व्होल्टच्या खाली बंद पडून पुन्हा सुरू होतो. जोर लागलेला विंच सर्व्हो (शिडाचा दोर ओढणारा) आणि रिसीव्हर एकाच अशक्त बीईसीवर असले की हे घडतं. ५ व्होल्ट, ३ अँपियरचा स्वतंत्र बीईसी लावला की बहुधा मिटतं. ब्रश असलेल्या मोटरीला तीन ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर जोडण्याची जुनी सवय, एक दोन टोकांत आणि दोन टोकांपासून बाहेरच्या डब्याला, अजूनही सोडू नये.

तिसरा फेलसेफचा, म्हणजे संपर्क तुटल्यावर रिसीव्हरने आपणहून काय करायचं याचा, आणि यात विमानाचा वारसा सगळ्यात महागात पडतो. संपर्क तुटला की थ्रॉटल तळाला, असं विमानाचं गणित. पुढे-मागे चालणाऱ्या ईएससीवर त्याच तळाचा, म्हणजे 'उणे १००' टक्क्यांचा, अर्थ जोरात उलटं पळणं. फेलसेफ शून्यावर, म्हणजे मध्यावर ठेवावा. शिडाच्या बोटीत दोर सैल करावा. काही रिसीव्हर बाइंड करतानाची स्टिकांची जागाच फेलसेफ म्हणून लक्षात ठेवतात, तर काही स्वस्तातले शेवटचा हुकूमच धरून बसतात. असले बोटीत घालूच नयेत. तपासायचं असं: बोट स्टँडवर, पंखा मोकळा, हात लांब. अर्धा वेग द्या आणि ट्रान्समीटर बंद करा. पंखा एक-दोन सेकंदांत थांबला नाही तर बोट पाण्यात सोडू नका. एरवी मात्र क्रम उलटा: आधी ट्रान्समीटर चालू, मग बोट, बंद करताना आधी बोट.