तत्त्वनिष्ठ जीवन (थोरोप्रणीत)

अमेरिकन निसर्गलेखक हेन्री डेव्हिड थोरो (1817–1862) याचा जीवनविचार. पोट भरण्याची रीत आणि मनाला पटलेली तत्त्वे यांची फारकत होऊ देऊ नये, हा त्याचा गाभा. या विषयावर थोरो 1854 पासून व्याख्याने देत होता. त्यांतून तयार झालेला निबंध त्याच्या मृत्यूनंतर, ऑक्टोबर 1863 मध्ये, ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात छापून आला.

अर्धा दिवस आवडीने जंगलात हिंडणाऱ्याला लोक रिकामटेकडा म्हणतात आणि तेच जंगल तोडून विकणाऱ्याला उद्योगी समजतात, ही निबंधातली मुख्य तक्रार. थोरो स्वतः जमिनीची मोजणी करून कमावत असे. गिऱ्हाइकांना अचूक मोजणी नको असते, जमीन जास्त भरेल अशी मोजणी हवी असते, असे तो लिहितो. (बांधावरून भांडलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको.) कॅलिफोर्नियात सोन्यामागे धावणाऱ्यांना तो सरळ जुगारी ठरवतो. टपाल कचेरीतून सर्वांत जास्त पत्रे घेऊन ऐटीत निघालेल्या माणसाला स्वतःची खबर मात्र कित्येक दिवसांत मिळालेली नसते, असाही एक टोला आहे. टपालाच्या जागी व्हॉट्सॲप घातले की हा उतारा आजचा वाटतो. तो इतका सहज लागू पडतो की थोरोचे खरे अवघड म्हणणे, म्हणजे कामाविषयीचे, मागेच राहते.

ते समजायला त्याचा हिशेब पाहावा लागतो. मॅसॅच्युसेट्समधील काँकर्ड गावाजवळ वॉल्डन तळ्याकाठी तो 4 जुलै 1845 पासून दोन वर्षे, दोन महिने राहिला. 10 फूट रुंद, 15 फूट लांब घराला 28 डॉलर साडेबारा सेंट लागले. त्यात जुन्या हजार विटांचे 4 डॉलर आणि खिळ्यांचे 3 डॉलर 90 सेंट, असा पै-पैचा खर्च त्याने छापून टाकला. वस्तूची किंमत म्हणजे तिच्यासाठी द्यावे लागणारे आयुष्य, हे त्याचे सूत्र. फिचबर्ग 30 मैलांवर, रेल्वेचे भाडे 90 सेंट, म्हणजे जवळजवळ दिवसाची मजुरी. भाडे कमावून गाडीत बसणाऱ्याच्या आधी पायी निघालेला पोचतो, असे त्याने दाखवले. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा हप्ता किंवा कामावर जाण्या-येण्यातले तास याच वहीत मांडून पाहता येतात.

हा संन्यास नव्हे. जागा मित्र एमर्सनची होती, गाव पायी जाण्याच्या अंतरावर होते, आणि थोरो घरच्यांकडे जेवायलाही जात असे. टीकाकार त्यावर बोट ठेवतात, आणि तो एकटा होता, पोरेबाळे नव्हती, हा आक्षेप तर बिनतोडच आहे. मात्र तत्त्वाची किंमत मोजायची वेळ आली तेव्हा तो हटला नाही. गुलामगिरीला पाठीशी घालणाऱ्या सरकारला कर द्यायचा नाही म्हणून जुलै 1846 मध्ये त्याने एक रात्र तुरुंगात काढली. त्यावरचा त्याचा निबंध गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचला. त्याचे वॉल्डनवरचे पुस्तक ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणणाऱ्या दुर्गा भागवत 1975 मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या, आणि पुढे त्यांनाही तुरुंगवास झाला.

वॉल्डनकाठी थोरो सकाळी भगवद्गीता वाचत असे, आणि तळ्यावरचे बर्फ कापून नेणारे मजूर पाहून आपल्या विहिरीचे पाणी मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक पितील, असे त्याने गमतीने लिहिले. अमेरिकन बर्फ तेव्हा खरोखरच जहाजांनी मुंबईला येई.

काँकर्डच्या रानात कोणते फूल कधी उमलले याच्या नोंदी तो वर्षानुवर्षे ठेवत होता. या कामाचे त्याला कोणी पैसे दिले नाहीत. बॉस्टन विद्यापीठातील रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तारखा आजच्या तारखांशी ताडून पाहिल्या. अनेक फुले आता थोरोच्या काळापेक्षा लवकर उमलतात, आणि त्याने पाहिलेली काही तिथे सापडतच नाहीत.