तटबंदीच्या जकातीची सनद : अर्ज मंजूर होतो, घोडं पुढे अडतं

मध्ययुगीन इंग्लंडमधल्या शहराला कोट बांधायचा असेल आणि पदरी पैसा नसेल, तर नेहमीचा मार्ग म्हणजे राजाकडून ‘म्युरेज’ची सनद मिळवणं. लॅटिनमध्ये ‘मूरुस’ म्हणजे भिंत. शहरात विकायला येणाऱ्या मालावर जकात घ्यायची आणि ती भिंतीतच घालायची. तिसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला, वेल्सच्या सरहद्दीजवळच्या श्रूजबरीसारख्या शहरांपासून ही चाल पडली. त्या काळच्या नगरप्रमुखांना कोणी नीट समजावून सांगितलं असतं, तर ते साधारण असं असतं.

अर्ज शहराच्या प्रमुखांनी करायचा. सरहद्दीवर किंवा फ्रान्ससमोरच्या किनाऱ्यावर असाल तर बाजू भक्कम. दरबारात शब्द टाकणारा कोणी असेल तर उत्तम, हे कुठे लिहिलेलं नसलं तरी. मंजुरी मिळाली की चॅन्सरीत, म्हणजे राजाच्या सनदा लिहिणाऱ्या कचेरीत, फी भरा, सनदेवर मोठी मोहर लागते आणि नोंद होते. इथवर बहुतेक जण पोचतात.

मग लोक घरी येऊन मेजवानी करतात आणि गवंड्याला बोलावतात. अहो, राजानं एक पेनीही दिलेली नाही! दिला आहे तो वसुलीचा हक्क. पेनी-अर्ध्या पेनीनं वेशीवर गोळा होणाऱ्या रकमेतून दगड, चुना आणि मजुरी भागवायची आहे. ग्रेट यार्मथला १२६१ मध्ये परवानगी मिळाली. कामाला हात लागला तो १२८५ च्या सुमारास.

सनदेत मालाची यादी असते आणि प्रत्येकापुढे दर: धान्य, मीठ, मासे, लोकर, कातडी, वाइन. ती वेशीवरच्या माणसाला तोंडपाठ हवी. जास्त घेतलं, तर ‘सगळेच घेतात’ हे उत्तर चालत नाही. १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्यात स्पष्ट आहे की सनदेबाहेर वसुली केल्याचं सिद्ध झालं तर सवलत कायमची जाते, वर जबर दंड. स्वतःच्या घरासाठी धान्य आणणाऱ्याला अडवू नका. जकात विक्रीच्या मालावर आहे.

सर्वांत जास्त घोळ मुदतीचा. सनद ठरावीक वर्षांपुरती असते आणि तिच्यावरचं वर्ष राजाच्या कारकिर्दीचं. पहिल्या एडवर्डचं वर्ष २० नोव्हेंबरला बदलतं. म्हणजे ‘आठव्या वर्षातला’ डिसेंबर १२७९ चा, पण त्याच आठव्या वर्षातला जून १२८० चा. त्यात मुदत ईस्टरपासून मोजायची असेल तर आणखी गंमत, कारण ईस्टर दरवर्षी सरकतो. कारकुनांना हे सोपं वाटतं. वेशीवर उभं राहून पावसात वसुली त्यांना करायची नसते. मुदत संपल्यावर घेतलेली पेनी बेकायदा. भिंत मुदतीत पुरी होत नाहीच, तेव्हा मुदतवाढीचा अर्ज वेळेआधी टाका.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो. लंडनकरांना पहिल्या हेन्रीच्या सनदेनं देशभर जकातमाफी होती. इतरही अनेक शहरांनी तशा माफ्या मिळवल्या होत्या. मग गाडीवान वेशीवर येतो आणि म्हणतो, ‘मला माफी आहे.’ कागद? तो त्याच्या शहरात पेटीत, कुलुपात. आणि ती माफी म्युरेजला लागू आहे का, यावर वेगळं भांडण. व्यापारी असाल तर निघण्याआधी आपल्या महापौराचं मोहरबंद पत्र घ्या. वसुली करणारे असाल तर पत्र बघून सोडा. बड्या शहराशी दावा लढण्यापेक्षा अर्धी पेनी सोडणं स्वस्त.

शेवटी हिशोब. किती जमले, किती दगड आले, कोणाला मजुरी दिली, हे पहिल्या दिवसापासून लिहा. राजा तपासनीस पाठवतो तेव्हा वसुली करणारा मेलेला असतो किंवा त्याला काही आठवत नसतं. साउदॅम्प्टनला १२६० पासून म्युरेज होतं. तरी ऑक्टोबर १३३८ मध्ये फ्रेंच आणि जेनोआची जहाजं आली, तेव्हा समुद्राकडची बाजू उघडीच होती. शहर लुटलं, जाळलं गेलं, आणि मग चौकशी लागली.

हिशोबाची कटकट नकोच असेल, तर रिचर्ड स्पिंकसारखा माणूस शोधा. नॉरिचच्या या श्रीमंत नागरिकानं १३४० च्या दशकात शहराचा कोट पुरा करायला स्वतःचा पैसा घातला. बदल्यात त्यानं स्वतःला आणि वारसांना शहराच्या जकातीतून माफी लिहून घेतली.