गिरण्यांच्या भिंती आणि नियम ५८ : पार्श्वभूमी

जुनी इमारत पाडण्याऐवजी नव्या कामाला लावावी, यामागचे पर्यावरणाचे कारण आता बहुतेकांना पटलेले आहे. जगभरच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंट उत्पादनाचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. उभी भिंत राखली की तेवढे सिमेंट आणि पोलाद वाचते, राडारोडाही निघत नाही. गिरणगावात मात्र भिंतींचे भवितव्य जमिनीच्या वाटणीने ठरवले. म्हणूनच मुंबईतल्या या विषयाचा इतिहास म्हणजे बराचसा एका नियमाचा इतिहास आहे.

१८५० च्या दशकात ताडदेवला पहिली कापड गिरणी निघाली आणि पुढच्या काही दशकांत भायखळ्यापासून परळपर्यंत धुरांडी उभी राहिली. बिडाचे खांब, सागाच्या तुळया, यंत्रांचा भार आणि थरथर सोसणाऱ्या जमिनी, उत्तरेचा उजेड आत घेणारी दातेरी छपरे असे हे बांधकाम. साचाखात्यासाठी, म्हणजे मागांच्या विभागासाठी, बांधलेल्या या उंच, लांबरुंद दालनांत पुढे कार्यालये, दुकाने आणि स्टुडिओ सहज मावले. बांधकाम म्हणून या इमारती टिकाऊ होत्या, याबद्दल कधी फारसा वाद झाला नाही.

१९८२ च्या संपानंतर प्रश्न उरला तो ५८ गिरण्यांच्या जवळपास ६०० एकर जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने त्याचे उत्तर दिले. (गिरण्याही ५८ आणि नियमही ५८, हा योगायोग.) आहे ते बांधकाम राखून त्यात व्यापारी वापर आणायचा असेल तर जमीन द्यावी लागत नव्हती. आवारातली मोकळी जमीन आणि बांधकाम पाडून रिकामी होणारी जमीन मात्र वाटणीत येत होती. ५ हेक्टरपर्यंतच्या आवारात ३३ टक्के महापालिकेला उद्याने-मैदानांसाठी, २७ टक्के सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि ४० टक्के मालकाला. १० हेक्टरच्या वर मालकाचा वाटा ३० टक्क्यांवर येई.

या नियमाकडे आजवर जमीनवाटपाचे सूत्र म्हणूनच पाहिले गेले. माझ्या मते ती शहरातली जुन्या बांधकामाच्या पुनर्वापराची सर्वांत परिणामकारक तरतूद होती, भले तो हेतू कुणी कागदावर लिहिला नसेल. पाडाल तर बांधकामाखालची बहुतांश जमीन जाईल, राखाल तर ती सगळी तुमची. नव्वदच्या दशकात लोअर परळच्या आवारांत जाहिरातसंस्था, बोलिंग अॅली आणि उपाहारगृहे आली ती याच तरतुदीच्या आधाराने.

तिची दुसरी बाजूही होती आणि ती गंभीर होती. मालक पाडकामाला पुढे येईनात, त्यामुळे मैदानांसाठी आणि घरांसाठी जमीन मिळेना. कामगारांची देणी थकलेलीच होती. नोकरी गमावलेल्या माणसाच्या चाळीसमोर झगमगीत दालन उघडले, तर भिंत वाचली एवढ्यावर त्याने समाधान का मानावे? १९९६ मध्ये नेमलेल्या अभ्यासगटाने गिरण्यांच्या जमिनींचा सुटा सुटा विचार न करता एकत्रित आराखडा सुचवला होता. तो अमलात आला असता तर काही वास्तू आणि मोठी सलग मैदाने, दोन्ही साधता आली असती.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणीच्या तरतुदीतून ‘बांधकाम पाडल्यानंतरची जमीन’ हे शब्द गेले आणि फक्त ‘खुली जमीन’ व शिल्लक चटईक्षेत्र (न वापरलेली बांधकामाची परवानगी) उरले. २००३ च्या स्पष्टीकरणाने पाडकामानंतर मोकळी होणारी जमीन खुल्या जमिनीत धरायची नाही, हे पक्के केले. गिरणीचे आवार शेड, गोदामे आणि बॉयलरघरांनी भरलेले असते. मुळातली मोकळी जागा तिथे किती असणार? शिवाय पाडलेल्या बांधकामाइतके क्षेत्र मालकाला त्याच आवारात पुन्हा बांधता येणार होते. सार्वजनिक वाटा आटला याची चर्चा भरपूर झाली. त्याच दुरुस्तीने पाडकामाबद्दल जमीन गमावण्याचा दंडही उठला, याची फारशी झाली नाही.

प्रकरण न्यायालयात गेले. दरम्यान २००५ मध्ये लोअर परळची एक गिरणी ७०२ कोटी रुपयांना विकली गेली. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहराला पाणी मुरणाऱ्या जमिनीची किंमत कळली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने पाडकामानंतरची जमीनही वाटणीत धरायला सांगितले. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. जुना नियम चालला नव्हता, आजारी गिरण्यांच्या पुनर्वसनाला आणि कामगारांच्या देण्यांना पैसा हवा होता, ही सरकारची बाजू मान्य झाली. त्यानंतर मनोऱ्यांचा वेग वाढला. बिडाचे खांब भंगारात गेले, साग जुन्या लाकडाच्या बाजारात.

उरलेल्या आवारांना २९ डिसेंबर २०१७ च्या कमला मिल आगीने हादरा दिला. १४ माणसे गेली. आग गच्चीवरच्या उपाहारगृहांत लागली होती, तरी त्यानंतर गिरणी आवारातल्या एकूण पुनर्वापराकडेच संशयाने पाहिले जाऊ लागले. संशय असायला हवा होता तो गच्चीवरच्या ज्वलनशील आडोशांवर आणि ढिल्या तपासणीवर.

२०१८ पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींची ही तरतूद ३५ व्या क्रमांकावर आहे. २०१७ ची ऊर्जा संवर्धन संहिता इमारत वापरात आल्यावर लागणारी वीज मोजत होती. २०१६ चे राडारोडा व्यवस्थापनाचे नियम पाडकामानंतरच्या कचऱ्याची विल्हेवाट कशी लावणार, हे विचारत होते. पाडकाम टाळता आले असते का, हा प्रश्न या दोन्हींत नव्हता.