फिलिपिन्सला निघण्याआधी : आमच्या प्रवाशांसाठी थोडी ओळख

मॅगसेसे हे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. १९५८ साली हा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तेव्हा मानकऱ्यांत विनोबा होते. पुढे आरोळे दाम्पत्य, बाबा आमटे, पांडुरंगशास्त्री आठवले, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे अशी नावं पेपरात वाचतच आपण मोठे झालो. पण हे मॅगसेसे कोण, असं ऑफिसात आलेल्या मंडळींना विचारलं की बहुतेक जण एकमेकांकडे बघतात. रामोन मॅगसेसे हे फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष. मार्च १९५७ मध्ये सेबू बेटावर विमान कोसळून ते गेले, आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार आजही मनिलातून दिला जातो.

हे पत्रक काढायचं कारण साधं आहे. जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी तिथे व्हिसा लागत नाही. तेव्हापासून "थायलंड झालं, बाली झालं, आता फिलिपिन्स काढा" असे फोन वाढलेत. काढतो की! पण आठ दिवसांत पाच बेटं मागू नका. का, ते सांगतो.

सगळी बेटं एकत्र केली तर हा देश साधारण तीन लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळपास आपल्या महाराष्ट्राएवढा. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०.९ कोटी, तीही आपल्याच अंगाची. फरक एवढाच की महाराष्ट्राचे ७,६४१ तुकडे करून समुद्रात पसरले आहेत असं समजा. उत्तरेला लुझोन, त्यावर राजधानी मनिला. मध्ये विसायस हा बेटांचा पुंजका, त्यात सेबू आणि बोहोल. दक्षिणेला मिंदानाओ, तिथल्या दावाओ शहरात आपल्याकडची बरीच मुलं डॉक्टरकीला गेलेली आहेत. पलावान हे लांबट बेट पश्चिमेला एकटं. नकाशात वीतभर दिसणारं अंतर प्रत्यक्षात विमान, व्हॅन, धक्का, बोट आणि परत रिक्षा असं कापावं लागतं, आणि प्रत्येक बदलाला अर्धा दिवस जातो. म्हणून आमचा हिशोब ठरलेला आहे : आठ दिवसांना दोन बेटं आणि एक दिवस मनिला.

मनिलात एक दिवस का?

बहुतेक जण मनिला टाळतात. ट्रॅफिक भयंकर आहे, हे खरं. तरी एक वस्तू बघायला आम्ही मुद्दाम थांबवतो. १९८९ मध्ये लागुना प्रांतात नदीतून वाळू उपसताना एक ताम्रपट सापडला. तो राष्ट्रीय संग्रहालयात आहे, प्रवेश मोफत. त्यावर तारीख अशी : शके ८२२, वैशाख मास, कृष्ण चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. आपल्या कालनिर्णयात आजही शके छापलेलं असतं, आणि कृष्ण चतुर्थीला आपण संकष्टी धरतो! भाषा जुनी मलय, त्यात संस्कृत शब्द भरपूर. मजकूर मात्र अगदी व्यवहारी आहे : नामवरन नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज फिटलं, त्याच्या मुलाबाळांना आता तगादा नको, असा कर्जमुक्तीचा दाखला. आमच्या एका ग्रुपमधले निवृत्त तलाठी त्या काचेसमोरून हलायला तयार नव्हते.

याच लागुनात, लोस बान्योसला, आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तिथून १९६६ मध्ये निघालेलं आयआर-८ हे वाण धानपट्ट्यातल्या जुन्या शेतकऱ्यांना नक्की आठवत असेल.

बाकी इतिहास थोडक्यात. १५२१ मध्ये स्पेनच्या वतीने मॅगेलन हा दर्यावर्दी आला आणि माक्तान बेटावर तिथला सरदार लापुलापु याच्या माणसांशी लढताना मारला गेला. १५६५ पासून स्पॅनिश अंमल बसला, तो १८९८ पर्यंत. देशाचं नावही राजा दुसऱ्या फिलिपवरून पडलेलं. मग अमेरिकन, मध्ये जपानी, आणि ४ जुलै १९४६ ला स्वातंत्र्य. तरी स्वातंत्र्यदिन साजरा होतो १२ जूनला, कारण स्पेनविरुद्धची घोषणा १८९८ मध्ये त्या दिवशी झाली होती. म्हणूनच तिथे चर्च स्पॅनिश, इंग्रजी अमेरिकन वळणाची, आणि रस्त्यावर जीपनी. महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे टाकलेल्या जीप लांबवून, रंगवून केलेली ही वडाप. पैसे पुढच्याच्या हातात द्यायचे, तो त्याच्या पुढच्याला, असे ते ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे तसेच परत येतात. उतरायचं असेल तर "पारा पो" म्हणायचं.

हे "पो" लक्षात ठेवा. ते आदराचं आहे, वाक्यात कुठेही घातलं की समोरचा खूश. ड्रायव्हरला, वेटरला "कुया" म्हणा, म्हणजे दादा. बाईमाणसाला "आते" म्हणा, म्हणजे ताई (आत्या नव्हे, यावर आमच्या बसमध्ये दर वेळी हशा होतो). टागालोग या तिथल्या भाषेत "गुरो" म्हणजे शिक्षक, "मुखा" म्हणजे चेहरा, "आसा" म्हणजे आशा. थोरांचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावायची तिथे पद्धत आहे. आपल्या आजीआजोबांना कुणी असं केलं तर बावरू नका, तो नमस्कारच आहे.

जेवणाचं खरं काय ते

इथे आम्ही गोड बोलत नाही. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. व्हिनेगरमध्ये मुरवलेला कच्चा मासा म्हणजे किनिलाव, चिंचेचं आंबट सार म्हणजे सिनिगांग, आणि सकाळी भाताबरोबर तळलेली सुकी मासळी. तिला "तुयो" म्हणतात. वास आला की मालवणी माणसाला घर आठवतं. भात तीन वेळा असतो, पोळी विसरा.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहायचं. तिथे "नो मीट" म्हटलं की मटण-चिकन वगळतात, कोळंबी नव्हे. आमच्या एका काकूंनी भाज्यांची "पिनाकबेत" मागवली, भोपळा, भेंडी, वांगं बघून खूश झाल्या आणि दुसऱ्या घासाला थांबल्या. त्यात बागोओंग होतं, म्हणजे खारवलेल्या बारीक कोळंबीची पेस्ट. हॉटेलवाल्याचीही चूक नव्हती, त्याच्या लेखी ते मीठच. तेव्हापासून प्रत्येक शाकाहारी प्रवाशाला आम्ही टागालोगमध्ये छापलेलं कार्ड देतो. त्यावर मांस नको, मासा नको, बागोओंग नको, पातिस म्हणजे माशाचा सॉस नको, हे चारही वेगवेगळं लिहिलेलं आहे. जैन जेवण फक्त मनिला आणि सेबूतल्या भारतीय हॉटेलांत मिळतं. बेटांवर मिळेल असं आम्ही कबूल करत नाही.

निवांतपणे खाता येतील असे पदार्थही आहेत. सकाळी गल्लीतून "ताहोऽऽ" अशी लांब हाक येते. खांद्यावर कावड, दोन बाजूंना दोन ॲल्युमिनियमचे डबे. एका डब्यातून तो मऊ, कोमट टोफू पातळ थरांत काढतो, ग्लासात घालतो, वर गुळासारखा पाक आणि टपोरा साबुदाणा. उभ्याउभ्या प्यायचं. "पुतो" ही वाफवलेली, थोडी गोडसर इडलीच. बिबिंका म्हटलं की गोव्याची बेबिंका आठवेल, पण ही वेगळी : तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, केळीच्या पानावर, खाली-वर निखारे ठेवून भाजलेली. अंडं असतं, वर कधी खारवलेलंही, तेव्हा विचारून घ्या. आंबा गोड आहे. हापूसशी तुलना करून तिथल्या माणसाशी वाद घालू नये, त्यांनाही त्यांच्या आंब्याचा तेवढाच अभिमान आहे.

कोणती दोन बेटं?

पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही बोहोल आणि पलावान सुचवतो. बोहोलला चॉकलेट हिल्स आहेत, बाराशेहून जास्त चुनखडीच्या टेकड्या, सगळ्या मोदकासारख्या. पावसात हिरव्या असतात. एप्रिल-मेमध्ये गवत वाळून तपकिरी होतात, म्हणजे आपल्या उन्हाळी सुट्टीत नाव सार्थ दिसतं. तिथेच टार्सियर हा माकडाच्या जातकुळीतला मुठीएवढा प्राणी बघायचा. त्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत म्हणून तो अख्खी मान मागे वळवतो. फ्लॅश मारायचा नाही, बोलायचं नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा.

पलावानला एल निदोची कातळबेटं आणि पुएर्तो प्रिन्सेसाजवळची भूमिगत नदी. नदीसाठी रोज ठरावीकच परवाने निघतात, म्हणून तारीख लवकर कळवा. फिरायच्या बोटीला बांका म्हणतात. आपल्या कोकणातल्या होडीला एका बाजूला उलांडी (तोल धरणारं लाकूड) असते, हिला दोन्ही बाजूंना बांबूच्या, त्यामुळे कलंडायची भीती कमी. पाणी अंगावर येतंच, मोबाइलला प्लास्टिकची पिशवी लागेल.

व्हेल शार्क माशांना खाऊ घालून जवळ बोलावण्याची जी सहल सेबू बेटावरच्या ओस्लोबला चालते, ती आम्ही देत नाही. आग्रह करू नये.

कधी जायचं

डिसेंबर ते मे. वर्षाला साधारण वीस वादळं या देशाच्या हद्दीत येतात, बहुतेक जून ते नोव्हेंबरमध्ये. नोव्हेंबर २०१३ च्या हैयानने ताक्लोबान शहर उद्ध्वस्त केलं होतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत चला म्हटलं तर आम्ही सहसा नाही म्हणतो, धंदा गेला तरी. वादळाचा सिग्नल लागला की तटरक्षक दल बोटी बंद करतं, त्यात वशिला चालत नाही. आमचा एक ग्रुप पलावान प्रांतातल्या कोरोनला असाच दीड दिवस अडकला होता. पत्ते खेळून काढला, पण परतीचं विमान हुकलंच. आता शेवटची रात्र आम्ही मनिला किंवा सेबूतच ठेवतो. गुड फ्रायडेच्या आठवड्यातही जाऊ नये, अख्खा देश गावी निघालेला असतो.

निघताना

पासपोर्ट सहा महिने वैध हवा, परतीचं तिकीट आणि हॉटेल बुकिंग छापून जवळ हवं. व्हिसामाफीचे १४ दिवस वाढवून मिळत नाहीत. पोचण्याआधीच्या ७२ तासांत "ई-ट्रॅव्हल" नोंदणी करायची, ती फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा आणि आम्हाला फोन करा. नियम बदलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी आम्ही पुन्हा तपासतो. घड्याळ अडीच तास पुढे. एक पेसो साधारण दीड रुपया. प्लगला दोन चपट्या पिना लागतात, आपला चार्जर बसत नाही. अ‍ॅडॉप्टर ऑफिसात आहेत, येताना घेऊन जा, परत आणून द्या. छोट्या विमानात बॅग काटेकोर मोजतात, तेव्हा लाडू-चिवड्याचे डबे तुमच्या वजनात धरा, आमच्या नाही.