घाटात ब्रेकचं पेडल खाली जातं कसं, आणि परत वर येतं कसं?

चुलत भावाची पिकअप आहे. बेळगावातनं भाजी भरायची आणि जांबोटी-चोर्ला करत गोव्यात उतरायचं, हाच धंदा. गेल्या पावसाळ्यात घाटाच्या खालच्या वळणावर पेडल एकदम फळीला टेकलं, कसंबसं हँडब्रेक ओढून सेकंड टाकून थांबवली, अर्ध्या तासानं चहा पिऊन बघतोय तर पेडल परत टाइट! मिस्त्री म्हणाला फॉल्टच नाही. आता पठ्ठ्याच्या डोक्यात बसलंय, ब्रेकची मोठी डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी) घालायची.

म्हटलं थांब, आधी हिशोब कर. मालासकट गाडी ३ टन धर आणि उतार ६०० मीटर. एवढी उंची उतरताना सुटणारी ऊर्जा होते साधारण १ कोटी ७५ लाख ज्यूल. सगळी ब्रेकनंच खाल्ली तर तेवढ्यात पन्नासेक लिटर गार पाणी उकळतंय, म्हणजे अख्ख्या घराच्या आंघोळीचं. ६० च्या स्पीडवरनं एकदा कचकन थांबायला हीच गाडी ४ लाख ज्यूलच्या आसपास घेते. म्हणजे घाट उतरणं म्हणजे चाळीसेक वेळा कचकन थांबणं, आणि मध्ये गार व्हायला सवड नाही.

ह्यातली थोडी उष्णता डिस्कवर घासणाऱ्या पॅडमधनं ब्रेक ऑइलला जाते. ऑइल दाबलं जात नाही म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो, पण ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ मात्र दाबली जाते, मग पेडल नुसतंच खाली जातं. गार झालं की वाफेचं परत ऑइल, म्हणून मिस्त्रीला काही सापडत नाही! त्यात हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि वाटेतल्या कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) किमान २०५ अंशापर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की हीच हद्द १४० वर येते. डॉट ४ चं तेच २३० आणि १५५. म्हणून पहिलं अपग्रेड म्हणजे नवं डॉट ४ ऑइल आणि पाइपातली एअर नीट काढणं.

मागच्या चाकातल्या ब्रेक ड्रमचं दुखणं वेगळं, तापला की तो फुगतो आणि आतनं घासणाऱ्या लायनरपासनं लांब जातो. मोठी डिस्क घातली तर लोखंड जास्त म्हणून तापायला वेळ लागतो, हे खरं. पण चाक लॉक होण्याइतका जोर आत्ताच असेल तर पुढची हद्द टायरची, डिस्क कितीही मोठी घाला.

आणि आता खरी गंमत. बऱ्याच पिकअपला मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व असतो, पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) किती दबले त्यावरनं तो ओळखतो की लोड किती आहे आणि तसा मागचा ब्रेक वाढवतो. आमच्याकडं जास्त माल बसावा म्हणून एक जादा पाटा सगळेच घालतात. मग पाटे दबतच नाहीत, व्हॉल्वला वाटतंय गाडी रिकामी, आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. सगळा ताप पुढच्या पॅडवर!

डिझेल वाचतंय म्हणून न्यूट्रलवर उतरायची सवय तर भलतीच. आताच्या इंजिनात गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलला उलट आयडलिंगला लागतं.

ऑइल बदललं त्यानं, थर्डमध्ये उतरायलाही लागलाय. पाट्याचं काढलं की म्हणतोय, "मग बटाट्याची पोती तू डोक्यावर नेणार काय?"