फ्रीमियम : मोफत अ‍ॅपचा सशुल्क ग्राहक

फ्रीमियम : एखादे अ‍ॅप किंवा सेवा मूळ स्वरूपात मोफत देऊन तिच्या वापरकर्त्यांपैकी काहींना वाढीव सोयींसाठी पैसे भरायला प्रवृत्त करण्याची व्यापारपद्धती. बहुसंख्य लोक फुकट वापरतील आणि थोडे पैसे भरतील, हे या पद्धतीत गृहीतच धरलेले असते. एका जादा वापरकर्त्यामागे येणारा खर्च नगण्य असतो, म्हणून ते परवडते. जाहिरातींवर चालणारे अ‍ॅप आणि फ्रीमियम अ‍ॅप यांच्यात काटेकोर सीमारेषा नाही; स्पॉटिफाय, ट्रूकॉलर यांसारखी अ‍ॅप्स दोन्ही मार्गांनी पैसे मिळवतात. ‘फ्रीमियम’ हे नाव मार्च २००६ मध्ये अमेरिकी गुंतवणूकदार फ्रेड विल्सन यांच्या लेखनातून रूढ झाले. पद्धत त्याहून बरीच जुनी आहे.

उगम : या पद्धतीच्या उगमाबद्दल तीन मते आढळतात. सर्वांत लोकप्रिय मत तिचे मूळ जिलेटच्या दाढीच्या यंत्रात शोधते. किंग कॅम्प जिलेट यांनी यंत्र जवळजवळ फुकट वाटले आणि पाती विकून पैसा केला, अशी ती कथा. शिकागो विद्यापीठातील विधिज्ञ रँडल पिकर यांनी २०१० च्या सुमारास जुन्या किमती तपासून तिच्यावर गंभीर शंका घेतली. १९०४ च्या पेटंटचे संरक्षण होते तोवर जिलेटचे यंत्र पाच डॉलरला, म्हणजे त्या काळच्या मानाने चांगलेच महाग विकले जात होते. किमती उतरल्या त्या १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर. शिवाय पात्यांवाचून यंत्र निरुपयोगी ठरते, तर फ्रीमियम अ‍ॅप पैसे न भरताही चालते. त्यामुळे हे साम्य वरवरचेच म्हणावे लागेल.

दुसरे मत १९८० च्या दशकातील ‘शेअरवेअर’कडे बोट दाखवते. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी ‘पीसी-टॉक’ आणि जिम नॉफ यांनी ‘पीसी-फाइल’ हे प्रोग्रॅम फ्लॉपीवर मोफत वाटले. आवडल्यास पैसे पाठवा, अशी विनंती सोबत असे. दोघांपैकी आधी कोण, हे ठरवणे अवघड आहे. बहुधा दोघांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली. मायक्रोसॉफ्ट सोडून आलेल्या बॉब वॉलेस यांनी १९८३ च्या सुमारास ‘पीसी-राइट’ या शब्दप्रक्रिया प्रोग्रॅमद्वारे तिला शिस्त आणली. फ्लॉपी कोणीही कोणाला द्यावी. नोंदणी मात्र पैसे भरून करावी आणि त्याबदल्यात छापील पुस्तिका व मदत मिळावी. नोंदणीकृत प्रतीवर क्रमांक असे आणि त्या प्रतीची नक्कल घेऊन दुसऱ्याने नोंदणी केली, तर पहिल्याला दलाली मिळे. मित्राला आणल्यास जादा जागा देण्याची, फायली ऑनलाइन साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्सची पुढची योजना याच जातीची. १९९३ मध्ये ‘डूम’ या खेळाचा पहिला भाग फुकट देऊन पुढचे भाग विकले गेले, तेही याच परंपरेत.

तिसरे मत मुख्यतः खेळांच्या अभ्यासकांचे आहे. दक्षिण कोरियातील नेक्सॉन कंपनीने ‘क्विझक्विझ’ हा ऑनलाइन खेळ २००१ च्या सुमारास मोफत करून त्यातील आभासी वस्तू विकायला सुरुवात केली. काही जण याच्याही मागे, १९९७ च्या ‘अकेया’ या मजकुरी खेळापर्यंत जातात. खेळांपुरते हे मत ग्राह्य दिसते. मासिक वर्गणीवर चालणाऱ्या अ‍ॅप्सचे पूर्वज मात्र शेअरवेअरमध्येच शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. मोफत आणि सशुल्क यांची सीमा कोठे आखावी, हा आजचा प्रश्न तेथे प्रथम व्यवहारात सोडवला गेला.

अ‍ॅप स्टोअर आणि पैसे घेण्याची सोय : अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुरू झाले, तेव्हा अ‍ॅप एक तर विकत किंवा पूर्ण मोफत असे. त्यामुळे एकाच खेळाची मोफत ‘लाइट’ आणि सशुल्क अशी दोन अ‍ॅप्स ठेवण्याची पद्धत पडली. पैसे भरायचे ठरवले, की वापरकर्त्याला दुसरे अ‍ॅप उतरवावे लागे आणि आधीची प्रगती बहुधा वाया जाई. जून २००९ मध्ये अ‍ॅपमधूनच खरेदीची सोय आली, पण आधीच विकत घेतलेल्या अ‍ॅप्सपुरती. ती मोफत अ‍ॅप्सना ऑक्टोबर २००९ मध्ये खुली झाली. मोबाइल फ्रीमियमचा आरंभ या तारखेपासून मानणे योग्य ठरेल. अँड्रॉइडवर ही सोय मार्च २०११ मध्ये आली. अ‍ॅपलने वर्गणीची सोय २०११ पासून दिली आणि २०१६ मध्ये ती सर्व प्रकारच्या अ‍ॅप्सना मोकळी केली. प्रत्येक विक्रीतील स्टोअरचा वाटा सुरुवातीपासून ३० टक्के होता. वर्गणी वर्षभर टिकल्यास तो १५ टक्के करण्याचा निर्णयही २०१६ चाच. ग्राहक मिळवण्याइतकेच त्याला टिकवण्याला महत्त्व आले, त्याचे हे एक कारण. लहान विकसकांसाठी अ‍ॅपलने १ जानेवारी २०२१ पासून १५ टक्क्यांचा दर लागू केला.

शून्य किमतीचा अडथळा : ‘फुकट ते पौष्टिक’ या म्हणीला प्रयोगाचा आधार २००७ मध्ये मिळाला. शँपनियर, मझार आणि एरिएली यांनी लोकांपुढे दोन चॉकलेटे ठेवली. उंची ट्रफल १५ सेंटला आणि साधे चॉकलेट १ सेंटला असताना बहुतेकांनी ट्रफल घेतले. दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवून साधे चॉकलेट फुकट केले, तेव्हा कौल उलटला. किमतींतला फरक तोच होता. अ‍ॅपच्या बाबतीत याचा अर्थ असा, की शून्यावरून एका रुपयावर नेणे हे एकावरून पन्नासवर नेण्यापेक्षा कठीण असू शकते.

हा अडथळा ओलांडण्याच्या रीती अनेक आहेत. कधी प्रमाणावर मर्यादा येते : झूमची मोफत बैठक ४० मिनिटांची, टिपणे ठेवण्याच्या एव्हरनोटमध्ये डिसेंबर २०२३ पासून मोफत नोंदी ५०. कधी त्रास कमी करण्याचे पैसे घेतले जातात, जसे स्पॉटिफायवरच्या जाहिराती टाळण्याचे. तिसरी रीत मुदतीच्या मोफत चाचणीची. तिच्यात कार्ड आधी मागणे आणि नंतर मागणे असे दोन उपप्रकार आहेत. आधी मागितल्यास चाचणी घेणारे कमी, पण पुढे पैसे भरणारे त्यांच्यात जास्त निघतात. त्यांपैकी किती जण केवळ रद्द करायचे विसरले म्हणून ग्राहक राहिले, हा भाग मात्र कंपन्यांच्या अहवालांत क्वचितच वेगळा काढलेला असतो.

रूपांतरणाचा दर : पैसे भरणाऱ्यांचे शेकडा प्रमाण म्हणजे रूपांतरणाचा दर. छेद कोणता घेतला, म्हणजे एकूण वापरकर्ते कोणते मोजले, यावर तो इतका अवलंबून असतो, की दोन कंपन्यांची तुलना सहसा दिशाभूल करते. ड्रॉपबॉक्सने २०१८ मध्ये भांडवलबाजारात उतरताना ५० कोटी नोंदणीकृत वापरकर्ते आणि १.१ कोटी वर्गणीदार दाखवले, दर २.२ टक्के. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोचे २०२४ अखेर सुमारे ९५ लाख वर्गणीदार होते. महिन्यातून एकदा तरी येणाऱ्या ११.६७ कोटींशी त्यांचे प्रमाण ८ टक्के, रोज येणाऱ्या ४.०५ कोटींशी तेच २३ टक्के. स्पॉटिफायचे त्याच वेळी ६७.५ कोटी मासिक वापरकर्ते आणि २६.३ कोटी वर्गणीदार होते. हे ३९ टक्क्यांचे प्रमाण अपवादात्मक आहे आणि त्याला नमुना मानू नये.

आक्षेप आणि नियमन : पहिले मोठे वाद मुलांच्या खेळांवरून झाले. अ‍ॅपलच्या उपकरणांवर एकदा पासवर्ड टाकला, की पंधरा मिनिटे तो पुन्हा न विचारता खरेदी करता येई. तेवढ्या वेळात मुले पालकांच्या कार्डावर मोठ्या रकमा उडवत. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी जानेवारी २०१४ मध्ये झालेल्या तडजोडीत अ‍ॅपलने किमान ३.२५ कोटी डॉलर परत करण्याचे मान्य केले. त्याच वर्षी गूगलने १.९ कोटी डॉलरची तडजोड केली. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी तेरा फसव्या रचनांची यादी अधिसूचित केली. वर्गणीचा सापळा, म्हणजे सदस्यत्व घेणे सोपे आणि सोडणे दुष्कर करणे, ही त्यांपैकी एक.

भारतातील स्थिती : भारतात प्रश्न इच्छेचा जेवढा, तेवढाच पैसे भरण्याच्या साधनाचा राहिला आहे. व्हॉट्सअ‍ॅप पहिले वर्ष मोफत देऊन पुढे वर्षाला सुमारे एक डॉलर आकारत असे. जानेवारी २०१६ मध्ये ही वर्गणी रद्द करताना, अनेकांकडे डेबिट किंवा क्रेडिट कार्ड नाही, हे कारण कंपनीने जाहीरपणे दिले. जुलै २०२० मध्ये आलेल्या यूपीआय ऑटोपेने, म्हणजे कार्डाविना खात्यातून ठरलेली रक्कम आपोआप कापण्याच्या सोयीने, ही अडचण बरीच कमी केली.

दरमहा आपोआप होणाऱ्या कपातीबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे लागू झाले. मंजुरी देताना ग्राहकाची जादा पडताळणी, प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना आणि कधीही माघार घेण्याची मुभा, हे त्यांचे सार. पडताळणीविना कपातीची मर्यादा ५,००० रुपये होती. जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. ‘उद्या तुमच्या खात्यातून १९९ रुपये कापले जातील’ असा संदेश आधीच येऊ लागला, की विसराळू वर्गणीदारांवरची कमाई आटणे स्वाभाविक होते. अ‍ॅपलने २०२२ मध्ये भारतात अ‍ॅप स्टोअरवर कार्ड घेणेच थांबवले. यूपीआय, नेटबँकिंग आणि आगाऊ भरलेली शिल्लक एवढे पर्याय उरले. पैसे आपल्याच स्टोअरच्या व्यवस्थेतून घेण्याच्या सक्तीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला.

किमतीही येथे बारीक तुकड्यांत फोडल्या जातात. स्पॉटिफायने एका दिवसाची सात रुपयांची योजना भारतात आणली, ती शांपूच्या पुडीच्या हिशेबाने. विवाहविषयक अ‍ॅप्सनी सीमा आणखी नेमकी आखली आहे. स्थळांची माहिती मोफत पाहता येते, पण मुलाकडच्यांचा किंवा मुलीकडच्यांचा फोन नंबर हवा, की पैसे भरावे लागतात. महाराष्ट्रातील वधूवर सूचक मंडळे नोंदणीचे शुल्क आधी घेऊन मग वही पुढे करत. अ‍ॅप्सनी हा क्रम उलटवला.

मोफत काळ लांबवून सवय लावण्याचा सर्वांत मोठा देशी प्रयोग अ‍ॅपचा नसून दूरसंचारसेवेचा होता. रिलायन्स जिओची सेवा सप्टेंबर २०१६ पासून ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट होती. त्या मुदतीत ९९ रुपये भरून ‘प्राइम’ सदस्य झालेल्यांची संख्या कंपनीने ७.२ कोटी सांगितली. हाच मार्ग आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अ‍ॅप्सनी धरलेला दिसतो. ‘चॅटजीपीटी गो’ ही ३९९ रुपयांची मासिक योजना ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयच्या सोयीसह भारतात आली आणि ४ नोव्हेंबर २०२५ पासून नाव नोंदवणाऱ्यांना ती एका वर्षासाठी मोफत देण्यात आली.